चुकीच्या बोटीतला गुप्तहेर

नॉर्वेतल्या बर्गन शहरात एक बँड वाजतोय. कार्यक्रम रेडिओवरून प्रक्षेपित होतो. वादकांमधला युकुलेलेवाला वाजवता वाजवता गोळी लागून कोसळतो. मेलेला माणूस ब्रिटिशांचा हेर होता. बँडमास्तर मार्क मेंडेझ जर्मनांचा आहे. ब्रिटिश जहाजं कुठून कधी निघणार याची बातमी तो वाद्यमेळाच्या सुरावटीत दडवतो आणि जर्मन पाणबुड्या त्याचा कार्यक्रम अगदी नियमाने ऐकतात. आता मेलेल्याच्या जागी इंग्लंडहून दुसरा युकुलेलेवाला पाठवायला हवा, आणि तोही हेरच हवा.

तिकडे इंग्लंडात ब्लॅकआउट. हात समोर धरला तर दिसत नाही असा अंधार. 'डिंकी डू' नावाच्या एका फुटकळ गाण्याबजावण्याच्या कंपनीतला जॉर्ज हा युकुलेलेवाला ब्लॅकपूलला निघालाय. ब्लॅकपूल म्हणजे गिरणी कामगारांचं सुटीतलं समुद्रकिनाऱ्याचं गाव. अंधारात गफलत होते, हातातलं वाद्य बघून कुणीतरी त्याला भलत्याच बोटीत बसवतं आणि जॉर्ज ब्लॅकपूलऐवजी बर्गनला उतरतो. तिथल्या हॉटेलात स्वागतिकेचं काम करणारी मेरी ही खरी ब्रिटिश हेर. ती समजते, लंडनहून आपला माणूस आला. जॉर्जला वाटतं, पोरगी आपल्यावर भाळली.

'लेट जॉर्ज डू इट!' या १९४० सालच्या ब्रिटिश चित्रपटाची ही सुरुवात. ईलिंग स्टुडिओची निर्मिती, मार्सेल व्हार्नेल या मूळच्या फ्रेंच दिग्दर्शकाचं काम, आणि जॉर्जच्या भूमिकेत जॉर्ज फॉर्मबी. अमेरिकेत तो 'टु हेल विथ हिटलर' या नावाने लागला. युद्ध, गाणी, विनोद आणि हेरकथांची टिंगल असा चौरंगी मसाला त्या काळात बऱ्याच जणांनी वाटला. पण माझ्या मते हा जितका नेमका जमला तितका दुसरा क्वचित जमला. त्याचं एक कारण फॉर्मबी. दुसरं कारण, हेरकथा ज्या भीतीवर जगते त्या भीतीलाच या सिनेमाने गुदगुल्या केल्या.

ती भीती काय होती हे आधी बघायला हवं.

३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनने युद्ध पुकारलं आणि त्याच दिवशी देशातली सगळी सिनेमागृहं बंद करण्याचा हुकूम निघाला. बॉम्ब पडला तर एका छपराखाली शेकडो माणसं सापडतील, हा हिशेब. पण लोक संध्याकाळी घरात काळ्या पडद्यांआड बसून नुसते कुढायला लागले. हे बॉम्बपेक्षा महागात पडेल, हे सरकारच्या लवकरच ध्यानात आलं आणि दोनएक आठवड्यांत थिएटरं टप्प्याटप्प्याने उघडली. नंतरचे काही महिने जमिनीवर फारसं काही घडत नव्हतं. समुद्रावर मात्र पाणबुड्या जहाजं बुडवत होत्या. मग प्रश्न उभा राहिला, की त्यांना पत्ता लागतो कसा? कुणीतरी सांगतंय. कोण? शेजारचा? न्हावी? हॉटेलातला वाढपी? सरकारने १९४०च्या सुरुवातीला 'तोंड सांभाळा' अशा अर्थाची भित्तिपत्रकं लावली. फूगास या टोपणनावाच्या व्यंगचित्रकाराच्या त्या चित्रांत बसमध्ये दोन बायका गप्पा मारतायत आणि मागच्या बाकावर हिटलर बसून कान देतोय. चित्र बघून हसू येतं, पण संदेश एवढाच, की कुणावरही विश्वास ठेवू नका.

रेडिओवर वेगळाच तमाशा. विल्यम जॉइस नावाचा इसम जर्मनीतून इंग्रजीत बातम्या द्यायचा. लोक त्याला 'लॉर्ड हॉ-हॉ' म्हणायचे, खिदळायचे, आणि तरी रोज ऐकायचे. अमुक गावातलं घड्याळ दहा मिनिटं मागे आहे हेसुद्धा त्याला ठाऊक असतं, अशा वावड्या उठायच्या. म्हणजे गावात त्याचा माणूस असलाच पाहिजे! रेडिओच्या डब्यातून शत्रूचा आवाज थेट माजघरात यायला लागला होता. त्यामुळे नाचाच्या बँडमधून पाणबुडीला निरोप जातो ही कल्पना आज पोरकट वाटली तरी त्या प्रेक्षकाला ती उगाच वाटली नसणार.

अशा वेळी पडद्यावर फॉर्मबी आला.

खरं नाव जॉर्ज हॉय बूथ. १९०४ साली विगन इथे जन्म. विगन म्हणजे लँकशायरमधलं कोळशाच्या खाणींचं आणि कापड गिरण्यांचं गाव. वडीलही जॉर्ज फॉर्मबी याच नावाने म्युझिक हॉल गाजवणारे नट. पोरगा आपल्या वाटेने येऊ नये म्हणून त्यांनी त्याला सात वर्षांचा असतानाच घोड्यांच्या तबेल्यात जॉकीचं शिक्षण घ्यायला धाडलं. १९२१मध्ये वडील गेले आणि जॉर्ज त्यांचेच विनोद घेऊन रंगमंचावर उभा राहिला. पडला. मग दोन गोष्टी आयुष्यात आल्या. एक बँजोलेले आणि दुसरी बेरिल इंगहॅम. बेरिल लाकडी बुटांचा नाच करायची. १९२४मध्ये लग्न झालं आणि त्यानंतर फॉर्मबीचे कपडे, करार, पैसा, गाणी सगळं तिने ताब्यात घेतलं. नवऱ्याने पडद्यावर नायिकेचं चुंबन घेतलेलं तिला खपत नसे. सेटवर ती जातीने हजर. फॉर्मबीच्या सिनेमांतल्या प्रेमप्रसंगांना जो शाळकरी संकोच आहे, तो अभिनयातून किती आला आणि कॅमेऱ्यामागच्या बेरिलमुळे किती, हे सांगणं कठीण.

बँजोलेलेबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण या सिनेमातला खरा नायक तोच आहे. बँजोसारखं कातडं ताणून बसवलेलं गोल अंग आणि त्याला युकुलेलेची चार तारांची आखूड मान. नुसत्या लाकडी युकुलेलेचा आवाज मऊ. याचा खणखणीत, थोडा पत्र्यासारखा, मागच्या रांगेतल्या खुर्चीपर्यंत पोहोचणारा. फॉर्मबीची करामत उजव्या हातात होती. साधा झंकार वरून खाली, खालून वर असा जातो. तो मधेच एक फटका अर्ध्यावर तोडून एकाच तारेवर उतरवायचा, त्यामुळे ताल लंगडल्यासारखा वाटून लगेच सावरायचा. वादक त्याला 'स्प्लिट स्ट्रोक' म्हणतात. चेहरा भोळा, दात पुढे, डोळे विस्फारलेले आणि हात मात्र यंत्रासारखा. गंमत म्हणजे या माणसाला स्वरलिपी वाचता येत नव्हती. सूर बदलायचा तर डाव्या हाताची बोटं बदलण्यापेक्षा वाद्यच बदलायचं, म्हणून वेगवेगळ्या सुरांत लावलेली अनेक वाद्यं तो बरोबर बाळगायचा.

गाणी चावट. खिडक्या पुसणारा माणूस खिडकीतून काय काय बघतो यावरचं त्याचं गाणं बीबीसीने वाजवायला नकार दिला होता. मराठी वाचकाला इथे दादा कोंडके आठवल्याशिवाय राहणार नाहीत, आणि आठवणं चूकही नाही. नायगावच्या चाळीत वाढलेले दादा आणि विगनचा जॉर्ज यांचा प्रेक्षक एकाच मुशीतला होता. गिरणीच्या भोंग्यावर उठणारा, पाळी संपवून थिएटरात येणारा. दोघांचा चेहरा निष्पाप, आणि दुसरा अर्थ ज्याचा त्याने आपल्या जबाबदारीवर काढायचा. सभ्य वृत्तपत्रांनी दोघांनाही नाकं मुरडली आणि तिकीटबारीने दोघांनाही डोक्यावर घेतलं. १९३०च्या दशकाच्या अखेरीपासून पुढची काही वर्षं फॉर्मबी हा ब्रिटनमधला सगळ्यात जास्त गल्ला जमवणारा देशी नट होता. फरक एवढाच, की दादा आपल्या भोळेपणाआडून समोरच्याची फिरकी घेतात. फॉर्मबीला आपण काय बोलून गेलो हे बोलून झाल्यावर कळतं, आणि मग तो लाजतो.

आता हा गृहस्थ हेरकथेत टाकून बघा.

लिहिणारी मंडळी काही सामान्य नव्हती. जॉन डायटन, ऑस्टिन मेलफोर्ड, अँगस मॅकफेल आणि बेसिल डिअर्डन. यातला मॅकफेल हा हिचकॉकचा मित्र. कथेतली सगळी पात्रं ज्याच्या मागे धावतात पण प्रेक्षकाला ज्याच्याशी काही देणंघेणं नसतं, अशा वस्तूला हिचकॉक 'मॅकगफिन' म्हणायचा, आणि हा शब्द मॅकफेलने दिला असं मानलं जातं. म्हणजे हेरपटांचं यंत्र कसं चालतं हे ज्यांना आतून ठाऊक होतं त्यांनीच इथे त्याचे स्क्रू ढिले केले. हिचकॉकच्या 'द थर्टीनाइन स्टेप्स'मध्ये (१९३५) गुपित साठवलेलं असतं म्युझिक हॉलमधल्या एका स्मरणशक्तीच्या जादूगाराच्या डोक्यात. 'द लेडी व्हॅनिशेस'मध्ये (१९३८) एक म्हातारी गुप्त कराराचं कलम एका धूनच्या रूपात पाठ करते. 'लेट जॉर्ज'ने ही दोन्ही बीजं उचलली आणि गुपिताच्या शोधात म्युझिक हॉलचा असा माणूस सोडला, ज्याला गुपित म्हणजे काय हेच माहीत नाही.

विडंबनाची गंमत इथे आहे. हेरकथेचा नायक सतत काहीतरी लपवत असतो. जॉर्जकडे लपवण्यासारखं काहीच नाही. मेरी त्याला खूण करते, तो लाजून हसतो. शत्रू त्याच्या प्रत्येक बावळट वाक्यात सांकेतिक अर्थ शोधतात. इतका मूर्ख कुणी खरोखर असू शकत नाही, तेव्हा हा नक्कीच पोचलेला हेर असणार, असा त्यांचा समज. जो तो एकमेकांवर संशय घेत असलेल्या देशात ज्याच्यावर संशय घेणंच हास्यास्पद आहे असा माणूस नायक झाला. भित्तिपत्रकावरचा हिटलर प्रत्येक बसमध्ये बसलेला होता. त्याला या सिनेमाने उत्तर दिलं, की बसू दे, आमचा जॉर्ज बोलतो ते त्याला कळणारच नाही.

गाण्यातून हेरगिरी ही कल्पना आपल्याला परकी वाटायचं कारण नाही. विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षसा'त चाणक्याचा हेर निपुणक यमपट घेऊन गाणी गात घरोघर हिंडतो आणि अशाच एका घरासमोर त्याला नंदांच्या अमात्य राक्षसाची मुद्रा सापडते. सगळं नाटक पुढे त्या अंगठीवर चालतं. बहिर्जी नाईकांबद्दलच्या परंपरागत कथांत वासुदेव, गोंधळी, बहुरूपी यांची सोंगं आहेत. कारण साधंच आहे, गाणाऱ्याला कुणीही दार उघडतं.

पण सिनेमाचा सगळ्यात गाजलेला भाग वेगळाच. मेंडेझची माणसं जॉर्जला खरं ओकायला लावणारं औषध देतात आणि त्या गुंगीत त्याला स्वप्न पडतं. लंडनच्या आकाशात विमानं अडवायला जे जाडजूड फुगे सोडायचे, तसल्या एका फुग्याला लटकून तो थेट जर्मनीत पोहोचतो. खाली प्रचंड सभा. रांगाच रांगा, झेंडे, मशाली, आणि व्यासपीठावर हिटलर तारस्वरात भाषण ठोकतोय. जॉर्ज वरून त्या व्यासपीठावर उतरतो, हिटलरच्या पुढ्यात उभा राहतो, त्याला चार शब्द सुनावतो आणि एक सणसणीत ठोसा लगावतो. बस्स. यात बारकावा शोधायला जाऊ नये, नाहीच तो. पण व्हार्नेलने एक शहाणपण केलं आहे. सभेचं दृश्य त्याने खऱ्या नाझी प्रचारपटांच्या थाटात उभं केलं, विनोदी केलं नाही. भव्यता तशीच ठेवली आणि तिच्या मधोमध आखूड मानेचं वाद्य वाजवणारा विगनचा एक पोरगा सोडला.

ब्रिटनमध्ये 'मास ऑब्झर्व्हेशन' नावाची एक संस्था १९३७पासून सामान्य माणसांचं वागणंबोलणं टिपून ठेवत होती. तिचे लोक थिएटरात बसून प्रेक्षक कुठे हसतात, कुठे टाळ्या पिटतात, कुठे खोकतात हेसुद्धा लिहायचे. त्या ठोशाला मिळालेल्या दादेची त्यांनी खास दखल घेतली. पुढे जेफ्री रिचर्ड्ससारख्या सिनेमाच्या इतिहासकारांनी या प्रसंगाला साऱ्या लोकयुद्धाचं, म्हणजे सामान्य माणसांनी लढलेल्या युद्धाचं, एका चित्रात मावलेलं रूप मानलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात चॅप्लिनचा 'द ग्रेट डिक्टेटर' न्यूयॉर्कला लागला. चॅप्लिनही म्युझिक हॉलमधूनच वर आलेला. त्याने हुकूमशहाला नाचवलं, पृथ्वीच्या फुग्याशी खेळवलं, शेवटी माणुसकीवर लांबलचक भाषण केलं. कला म्हणून दोन्हींची तुलना होऊ शकत नाही. तरी ते भाषण आज ऐकताना मला थोडी चुळबुळ होते आणि हा ठोसा बघताना होत नाही, हे कबूल केलेलं बरं.

शेवट मात्र धांदलीचा आहे. जॉर्ज जर्मन पाणबुडीत जाऊन पोचतो आणि टॉर्पेडोच्या नळीतून उडवला जाऊन थेट ब्रिटिश जहाजावर पडतो. तर्क विचारू नये. गाण्यांमध्ये 'मिस्टर वू' हे एक आहे. लंडनमधल्या चिनी धोब्यावरची फॉर्मबीची ही जुनी गाण्यांची मालिका. त्यातली वंशावरची थट्टा आज कानाला खुपते आणि खुपायलाच हवी. याच फॉर्मबीने १९४६च्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यात फक्त गोऱ्यांसाठी कार्यक्रम करायला नकार देऊन तिथल्या सत्ताधीशांचा रोष ओढवून घेतला, हेही त्याच माणसाच्या खात्यावर आहे.

सिनेमा तयार झाला तेव्हा नॉर्वे तटस्थ होतं. कथेचा सगळा डोलारा त्यावरच उभा आहे. दोन्ही बाजूंचे हेर एकाच हॉटेलात जेवतात, एकाच बँडवर नाचतात, आणि पोलिसांना दोघांशीही सारखंच अदबीने वागावं लागतं. ९ एप्रिल १९४० रोजी जर्मनांनी नॉर्वेवर चढाई केली आणि पहिल्याच दिवशी बर्गन त्यांच्या हाती गेलं. मे महिन्यात हॉलंड, बेल्जियम. जूनच्या सुरुवातीपर्यंत डंकर्कहून सैन्य कसंबसं परत आलं आणि त्याच महिन्यात फ्रान्स कोसळला. सिनेमा गावोगावच्या थिएटरांत फिरला तो या उलथापालथीत. प्रेक्षक ज्या बर्गनमधल्या गमतींना हसत होता ते बर्गन आता शत्रूचं नाविक ठाणं होतं. बाहेर इंग्लंडातल्या रस्त्यांवरच्या गावांच्या नावाच्या पाट्या काढल्या जात होत्या, म्हणजे उतरलेल्या शत्रूला वाट कळू नये. चर्चच्या घंटा बंद झाल्या, त्या वाजतील तर फक्त आक्रमणाचा इशारा म्हणून. जोगिणींच्या वेषात छत्रीधारी जर्मन उतरतायत अशी अफवा होती. हिटलरपासून जीव वाचवून पळून आलेले हजारो ज्यू निर्वासितही केवळ जर्मन किंवा ऑस्ट्रियन म्हणून कुंपणाआड टाकले गेले. संशयाची ही दुसरी बाजू सिनेमात कुठेच नाही. विनोदी सिनेमाकडून ती अपेक्षा करावी का, यावर वाद होऊ शकतो. माझ्यापुरतं उत्तर 'नाही' असं आहे, पण ती बाजू माहीत असली की हसण्याची चव बदलते.

आणि खरे हेर? सप्टेंबर १९४०मध्ये जर्मनांनी कार्ल मायर नावाच्या एका डच माणसाला काही साथीदारांसह केंटच्या किनाऱ्यावर उतरवलं. सकाळी नऊच्या सुमारास तो लिड गावातल्या पबमध्ये शिरला आणि त्याने सायडर मागितली. त्या वेळी पबमध्ये दारू मिळत नाही हे इंग्लंडातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक. मालकिणीने त्याला नंतर यायला सांगितलं, तो आला आणि सापडला. व्हार्नेलच्या सिनेमात हा प्रसंग जसाच्या तसा खपला असता. फक्त पुढचा भाग खपला नसता, कारण डिसेंबरात मायरला आणि त्याच्या दोन साथीदारांना लंडनच्या तुरुंगात फाशी दिलं.

पाणबुड्यांना जहाजांचा पत्ता लागत होता हे मात्र खरं. कसा, ते युद्धानंतर उलगडलं. जर्मन नौदलाचा 'बी-डीन्स्ट' नावाचा एक विभाग ब्रिटिश नौदलाचे बिनतारी संदेश पकडायचा आणि त्यांची सांकेतिक लिपी फोडायचा. नॉर्वेच्या मोहिमेत ब्रिटिश संदेशांचा बराच भाग ते वाचत होते. पुढे अटलांटिकमधल्या ताफ्यांसाठी वापरली जाणारी लिपीही त्यांनी फोडली आणि ब्रिटिशांनी ती १९४३च्या जूनमध्ये बदलेपर्यंत तिचा पुरेपूर फायदा उठवला. हॉटेलातला वाढपी, बँडमास्तर, बसमधली बाई, यांचा काही संबंध नव्हता. गळती खुद्द नौदलाच्या संकेतवहीत होती. बरं, पाण्याखाली खोल गेलेल्या पाणबुडीला नेहमीचा रेडिओ ऐकूच येत नाही. मेंडेझचा बँड ऐकायला तिला दर संध्याकाळी वर यावं लागलं असतं!

गाण्याचा खरा उपयोग केला तो जोसेफिन बेकरने. पॅरिस गाजवणारी ही कृष्णवर्णी गायिका-नर्तकी फ्रेंच प्रतिकार चळवळीसाठी काम करत होती. दौऱ्याच्या निमित्ताने सीमा ओलांडताना तिच्या सामानातल्या स्वरलिपीच्या कागदांवर अदृश्य शाईने लिहिलेली माहिती असायची. तिला बघून सीमेवरचे अधिकारी सही मागायचे. सामान कोण तपासणार?

हॉलिवूडनेही हा धागा सोडला नाही. १९४२च्या 'शिप अहॉय'मध्ये टॉमी डॉर्सीचा वाद्यवृंद आहे, त्यात तरुण फ्रँक सिनात्रा गातो, आणि एलिनॉर पॉवेल रंगमंचावर टॅप नृत्य करता करता बुटांच्या टोकाने मोर्स संकेतात निरोप धाडते. या सिनेमातला प्रवास मुळात मनिलाकडे व्हायचा होता. जपानने फिलिपिन्सवर हल्ला केला आणि मंडळींनी बोट पोर्टो रिकोकडे वळवली. इतिहास इतक्या झपाट्याने सरकत होता, की विनोदी सिनेमाच्या पटकथेलाही नकाशा बदलावा लागे. ईलिंगने तो बदलला नाही, बर्गन बर्गनच राहिलं. सोव्हिएत रशियात युद्धाच्या काळात 'लेट जॉर्ज' 'डिंकी-जॅझचा जॉर्ज' अशा अर्थाच्या नावाने दाखवला गेला आणि तिकडेही लोकप्रिय झाला. हिटलरला ठोसा बसताना बघायला भाषा लागत नाही.

'लेट जॉर्ज'मध्ये बर्नार्ड ली नावाचा एक नट आहे. तेव्हा तो तिशीचा. १९६२मध्ये जेम्स बाँडचा पहिला सिनेमा आला तेव्हा बाँडला मोहिमेवर धाडणारा करड्या चेहऱ्याचा साहेब 'एम' म्हणून तोच उभा राहिला आणि १९७९च्या 'मूनरेकर'पर्यंत अकरा सिनेमांत त्याने ती खुर्ची सोडली नाही.

आता आपल्या किनाऱ्याकडे येतो, कारण बर्गनच्या त्या कथानकाची खरी आवृत्ती घडली ती गोव्यात. पोर्तुगाल तटस्थ, म्हणून गोवाही तटस्थ. १९३९मध्ये युद्ध सुरू होताच 'एहरेनफेल्स', 'ड्राखेनफेल्स', 'ब्राउनफेल्स' ही जर्मन मालवाहू जहाजं मुरगाव बंदरात आश्रयाला येऊन उभी राहिली. पुढे 'आन्फोरा' हे इटालियन जहाजही आलं. बंदरात अडकलेले खलाशी, गावात गप्पा, वास्कोच्या बाजारात ये-जा. ब्रिटिशांना संशय आला, की 'एहरेनफेल्स'वर चोरून बिनतारी यंत्र चालतं आणि हिंदी महासागरातल्या पाणबुड्यांना जहाजांच्या बातम्या तिथूनच जातात. तटस्थ बंदरात नौदल पाठवता येईना. मग ब्रिटिशांच्या 'एसओई' या गुप्त संघटनेने माणसं निवडली ती कोलकात्याच्या 'कलकत्ता लाइट हॉर्स' या हौशी घोडदळातली. नावाला घोडदळ, प्रत्यक्षात क्लब. दिवसा चहा, ताग, हिशेबवह्या, संध्याकाळी बार. बरेच जण चाळिशी-पन्नाशीचे, पोटं सुटलेली. 'कलकत्ता स्कॉटिश'चे काही जण जोडीला. कचेऱ्यांतून रजा काढून ते रेल्वेने कोचीनला गेले. कोलकात्याहून 'फीबी' नावाचा गाळ वाहणारा एक तराफा किनाऱ्याकिनाऱ्याने तिथे आला होता. त्यात बसून मंडळी मुरगावकडे निघाली.

तारीख ठरली ९ मार्च १९४३ची रात्र. त्या वर्षी ईस्टर अगदी उशिरा, २५ एप्रिलला होता, त्यामुळे ९ मार्चचा मंगळवार म्हणजे कार्निव्हालचा शेवटचा दिवस. मुखवटे, गाणी, रस्त्यावर नाच. जहाजांवरचे जास्तीत जास्त खलाशी त्या रात्री किनाऱ्यावर राहावेत म्हणून गावात मेजवान्यांची सोय झाली आणि वेश्यागृहाचा खर्चही परस्पर भागवला गेला. मध्यरात्रीनंतर 'फीबी' अंधारात 'एहरेनफेल्स'ला जाऊन भिडली. झटापटीत जहाजाचा कप्तान आणि काही खलाशी मारले गेले. हल्लेखोरांपैकी एकही दगावला नाही. जर्मन-इटालियन खलाशांनी आपली जहाजं शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून स्वतःच पेटवून बुडवली. पहाटेपर्यंत बंदरात नुसता जाळ.

चहावाले, तागवाले आणि हिशेबनीस परत कोलकात्याला कामावर रुजू झाले. कुणाला सांगायची सोय नव्हती. पदकं नाहीत, निवृत्तिवेतन नाही. १९७८मध्ये जेम्स लीझरच्या 'बोर्डिंग पार्टी' या पुस्तकातून हकीगत जगासमोर आली आणि १९८०मध्ये अँड्र्यू मॅकलॅग्लनने तिच्यावर 'द सी वुल्व्ह्ज' काढला. ग्रेगरी पेक, डेव्हिड निव्हन, ट्रेव्हर हॉवर्ड आणि त्या वेळचा पडद्यावरचा बाँड रॉजर मूर. चित्रीकरणाला मंडळी गोव्यात आली होती. मूर यात पांढऱ्या डिनर जॅकेटात वावरतो, भुवई उंचावतो, एका देखण्या शत्रू-हेरबाईशी नाचतो. सगळं कसं रुबाबदार.

मला मात्र तो सिनेमा बघताना सारखं वाटत राहिलं, की चुकीच्या माणसाच्या हाती विषय पडला. रजेचा अर्ज टाकून आलेले पोट सुटलेले हिशेबनीस, गाळाचा तराफा, कार्निव्हालचे मुखवटे, खलाशांसाठी फुकटातली वेश्यागृहं आणि बंदरात लपलेला रेडिओ. यातलं काहीही रॉजर मूरला शोभत नाही. हे साहित्य व्हार्नेलचं. पण तो १९४७मध्येच मोटार अपघातात गेला होता, आणि फॉर्मबी १९६१मध्ये. मॅकलॅग्लनला तरी दुसरं कोण मिळणार होतं म्हणा.